ग्राफिक्स कार्ड आता घ्यावं की थांबावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवार-रविवारी मी मित्रांचे, मित्रांच्या मित्रांचे आणि हल्ली त्यांच्या भाच्यांचेही पीसी जोडून देतो. ग्राफिक्स कार्डाबद्दल (पीसीत पडद्यावरचं चित्र तयार करणारं कार्ड) व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. दुकानातले भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे ते इथे दिलेले नाहीत. कंपन्यांनी जाहीर केलेले डॉलरमधले भाव आणि ते आपल्याकडे रुपयांत कसे उतरतात, एवढं दिलंय. हिशेब २०२६ च्या सुरुवातीचा धरा.

१. जास्त वाचायला वेळ नाही. घेऊ की थांबू?

आज तुमचं काही अडलंय का? अडलं असेल आणि पैसे हातात असतील तर घ्या. अडलं नसेल तर घेऊच नका. त्याला थांबणं म्हणत नाहीत, गरज नसणं म्हणतात. मुद्दाम थांबायचं असेल, तर ज्याच्यासाठी थांबताय त्याला नाव आणि तारीख दोन्ही असली पाहिजेत. "काहीतरी भारी येतंय म्हणे" ही तारीख नव्हे.

२. नवीन मालिका येणारच आहे, मग आता घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं नाही का?

नवीन मालिका कायमच येणार असते. कार्डांच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची २० मालिका सप्टेंबर २०१८ मध्ये आली, ३० मालिका सप्टेंबर २०२० मध्ये, ४० मालिका ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ५० मालिका जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षांचा फेरा. त्यातही आधी महागडी कार्डं येतात, सामान्य माणसाचं कार्ड चार-आठ महिने मागून. आरटीएक्स ५०९० आणि ५०८० (नावातले पहिले दोन आकडे म्हणजे मालिका) जानेवारी २०२५ अखेर बाजारात आली, पण २९९ डॉलरचं ५०६० यायला मे उजाडला. तेव्हा "मालिका आली" या बातमीत तुमचं कार्ड आलेलं नसतं.

मधल्या काळात त्याच मालिकेची सुधारलेली "सुपर" आवृत्ती येईल अशी बरेच जण आशा धरून असतात. २० आणि ४० मालिकेत ती आली, ३० मध्ये आली नाही. ५० ची सुपर जानेवारी २०२६ च्या सीईएस प्रदर्शनात येईल म्हणून माझ्या ओळखीचे तीन जण दिवाळीपासून बसून होते. एनव्हिडियाने तिथे खेळांसाठीचं नवीन जीफोर्स कार्ड जाहीरच केलं नाही.

आता थोडा हिशेब. ४५,००० रुपयांचं कार्ड चार वर्षं वापरलं तर महिन्याला साधारण ९४० रुपये पडतात. सहा महिने थांबून ४,००० वाचवले, तर न खेळलेल्या प्रत्येक महिन्यामागे साडेसहाशे-सातशे मिळाले. हिशेब अगदी चोख नाही, कारण उशिरा घेतलेलं कार्ड उशिरापर्यंत चालतंही. पण वाचणाऱ्या रकमेकडे या नजरेने एकदा पाहा.

३. रॅम महागली असं ऐकतोय. कार्डाचा त्याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. कार्डावर चिपच्या भोवती जे काळे चौकोनी तुकडे असतात ती मेमरीच असते, आणि ती बनवणाऱ्या कंपन्या जगात मुख्यतः तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त नफा आहे, त्यामुळे कारखान्यांची क्षमता तिकडे वळली. २०२५ च्या शेवटच्या तिमाहीपासून पीसीच्या रॅमचे भाव अक्षरशः उसळले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रूशियल हा आपला ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

याची झळ आधी लागते ती जास्त मेमरीच्या कार्डांना, म्हणजे १६ जीबीवाल्यांना. "थांबलं की स्वस्त होतं" हा संगणकाच्या बाबतीतला आपला जुना अनुभव सध्या जसाच्या तसा लावता येत नाही, तो यामुळे. नवा कारखाना उभा राहून उत्पादन सुरू व्हायला वर्षं लागतात. घ्यायचंच ठरलं असेल तर केवळ भाव उतरण्याच्या आशेवर मी आज कोणाला थांबवणार नाही.

४. अमेरिकेत ५४९ डॉलरचं कार्ड इथे इतकं महाग का? दुकानदार लुटतोय का?

आधी गणित करा, मग दुकानदाराशी भांडा. आरटीएक्स ५०७० ची जाहीर किंमत ५४९ डॉलर. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वदी ओलांडली, म्हणून ९० धरू. ४९,४१० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८,३०० च्या आसपास. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, आपल्या दुकानातल्या किमतीत कर असतो. अर्धी "लूट" इथेच विरघळते.

उरलेल्या फरकात आयातदार, वितरक, दुकानदार आणि तीन वर्षांची वॉरंटी सांभाळण्याचा खर्च येतो. माझा ढोबळ नियम असा: डॉलर गुणिले चालू दर, वर १८ टक्के. येणाऱ्या आकड्याच्या पाच-सात टक्के वरपर्यंत भाव रास्त. पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर दुसरं दुकान बघा किंवा दुसरं मॉडेल. तीन पंखे, लखलखणारे दिवे आणि नावापुढे शेपूट असलेली महागडी आवृत्ती याच कारणाने कापायची. चिप तीच असते.

स्वतःचा व्यवसाय असेल आणि कार्ड खरंच व्यवसायासाठी असेल, तर जीएसटी क्रमांक टाकून पक्कं बिल घ्या. तो कर परत मिळवण्याबद्दल तुमच्या सीएला विचारा. कच्च्या बिलावर हजार-दोन हजार वाचवण्याच्या नादी लागू नका. का, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. दिवाळीच्या सेलपर्यंत थांबू का?

सेल महिन्याभरावर असेल तर जरूर थांबा. त्याला नाव आणि तारीख दोन्ही आहे. सहा महिन्यांवर असेल तर नाही. सेलमधली सवलत बहुधा ठरावीक बँकेच्या कार्डावर असते आणि ती बऱ्याचदा मागच्या मालिकेच्या, पडून राहिलेल्या मालावर असते. त्यात वाईट काही नाही, फक्त ८ जीबी मेमरीच्या कार्डांचा साठा खपवण्याची ती वेळ असते हे लक्षात असू द्या. बिनव्याजी ईएमआय घेताना रोख सवलत हातची जाते का आणि प्रोसेसिंग फी किती, हे आधी बघा.

६. ८ जीबी पुरेल का? १६ साठी जास्तीचे पैसे घालू?

सगळ्यात जास्त पश्चात्ताप मी याच प्रश्नावर पाहिलाय.

व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) कमी पडली की खेळ सावकाश होतो असं नाही, तो अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) ठीक दिसतात, पण गल्लीतून चौकात आलात की अर्धा सेकंद चित्र गोठतं, किंवा समोरची भिंत मातीने सारवल्यासारखी धूसर दिसते आणि दोन सेकंदांनी त्यावर विटा उमटतात. चाचण्यांच्या आलेखात हे नीट दिसत नाही, म्हणून ८ जीबीचं कार्ड कागदावर झकास वाटतं.

आरटीएक्स ५०६० टीआयची जाहीर किंमत ८ जीबीसाठी ३७९ आणि १६ जीबीसाठी ४२९ डॉलर. एएमडी या एनव्हिडियाच्या स्पर्धक कंपनीच्या आरएक्स ९०६० एक्सटीची २९९ आणि ३४९. दोन्हीकडे फरक ५० डॉलर, म्हणजे वरच्या सूत्राने साधारण ५,३०० रुपये. मेमरीच्या टंचाईत दुकानात हा फरक वाढलेला दिसेल. तरीही चार वर्षं वापरायचं असेल तर मी १६ चंच सांगतो. पैसे कमी पडत असतील तर हे एकच कारण असं आहे की ज्यासाठी दोन महिने थांबून पैसे साठवणं मला पटतं.

अपवाद: फक्त व्हॅलोरंट, सीएस २ किंवा डोटा खेळणारे, आणि मॉनिटर १०८०पी (फुल एचडी). त्यांना ८ पुरतात, बिनधास्त घ्या.

७. माझं जीटीएक्स १०६० अजून चालतंय. बदलू का?

चालतंय तोवर चालवा, पण दोन गोष्टी माहीत असू द्या. १० मालिकेसाठी (१०५० टीआयपासून १०८० टीआयपर्यंत) एनव्हिडियाने नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील. दुसरं, काही नव्या खेळांना रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावली हुबेहूब दाखवण्याचं) हार्डवेअर असणं सक्तीचं झालंय. मे २०२५ मध्ये आलेला "डूम: द डार्क एजेस" जीटीएक्स कार्डांवर चालत नाही, सेटिंग कमी करूनही नाही. जुनेच खेळ खेळत असाल तर यातलं काहीच तुम्हाला लागू नाही. १६५० आणि १६६० वाल्यांचे ड्रायव्हर चालू आहेत.

८. पीसी सहा-सात वर्षांचा आहे. नुसतं कार्ड बदलून भागेल का?

आधी अडथळा कुठे आहे ते पाहा. खेळ चालू ठेवून एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर बघा. तो ९७-९९ टक्के असेल तर कार्ड कमी पडतंय. ६० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसला तुम्ही स्वतः मर्यादा घातलेली नसेल, तर प्रोसेसर मागे पडतोय, आणि नवीन कार्डही तसंच रेंगाळेल.

मग एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. मागच्या महिन्यात शेजारच्या मुलाचं कॅबिनेट उघडलं. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत "४५० वॉट" होतं. खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपियर. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट! कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरूनच ओढतात, आणि हा पठ्ठ्या २५० वॉटचं ५०७० लावणार होता. एनव्हिडिया त्या कार्डाला ६५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. तुमच्याही डब्यावरचा तो रकाना वाचा, वरचं ठळक अक्षर नको. एसएमपीएस बदलायचा असेल तर तो खर्च कार्डाच्या बजेटमध्येच धरा.

तिसरी गोष्ट जरा छुपी आहे. ५०६० आणि ५०६० टीआय मदरबोर्डवरच्या स्लॉटच्या सोळांपैकी आठच लेन (माहितीच्या वाटा) वापरतात. मदरबोर्ड जुन्या पीसीआयई ३.० स्लॉटचा असेल तर वाट अरुंद होते, आणि ८ जीबी भरून वाहू लागली की तिथे जास्त फटका बसतो. आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं, म्हणून जुन्या बोर्डावर मी ते सुचवतो. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं, २४९ डॉलरचं छान कार्ड आहे, पण ते जुन्या पीसीत घालू नका. त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतं. इंटेलच्या बाबतीत दहाव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर त्याचा विचारही नको.

शेवटी मोजपट्टी घेऊन कॅबिनेटची आतली लांबी मोजा. हसू नका, हार्ड डिस्कचा पिंजरा कापायला मला दोनदा बोलावणं आलंय.

९. सेकंडहँड घेतलं तर? मायनिंगचं कार्ड ओळखायचं कसं?

इथरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस राबवून ते कमावणं) १५ सप्टेंबर २०२२ ला बंद पडलं आणि कार्डांचा पूर आला. ती कार्डं तेव्हापासून दोन-तीन हात फिरली आहेत, त्यामुळे "मायनिंग केलंय का" या प्रश्नाला आज खरं उत्तर द्यायला विकणाऱ्यालाही माहिती नसते. त्यापेक्षा कार्डच तपासा.

विकणाऱ्याच्या घरी जा, चालू पीसीत बघा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा, बनावट कार्ड असेल तर बहुतेक वेळा तिथे कळतं. मग अर्धा तास जड खेळ किंवा चाचणी. पडद्यावर ठिपके, पट्टे, पंख्याचा खरखराट यातलं काहीही दिसलं तर चहा पिऊन परत या. कार्डावरचा आणि बॉक्सवरचा सिरियल नंबर ताडून पाहा.

आणि बिल. काही कंपन्या सिरियल नंबरवर वॉरंटी देतात, काही मूळ बिल मागतात. पक्कं बिल असलेलं, वॉरंटीचं वर्ष शिल्लक असलेलं कार्ड चार-पाच हजारांनी महाग असलं तरी तेच घ्या. बिल नसलेल्याला मी नव्याच्या निम्म्याहून जास्त किंमत देत नाही.

१०. जुनं कार्ड आधी विकून टाकू का? आता भाव चांगला येतोय.

नवीन हातात येऊन पंधरा दिवस चालेपर्यंत नाही. हे मी स्वतः भोगलंय.

१ सप्टेंबर २०२० ला ३० मालिका जाहीर झाली. ४९९ डॉलरच्या ३०७० ने सगळी जुनी कार्डं मोडीत काढली असं वाटलं, आणि मी त्याच आठवड्यात माझं विकलं. किंमत अजून घसरायच्या आत विकल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेतली. पुढे कार्डं बाजारातून गायबच झाली. माझा प्रोसेसर "एफ" शेपटाचा, म्हणजे त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड काढलं तसा पडदा काळा. मित्राने त्याच्या अडगळीतून जीटी ७१० काढून दिलं, हातभर नाही, बोटभर कार्ड. त्याच्यावर मी एक्सेल आणि यूट्यूब पाहत चौदा महिने काढले. मधे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला गेलो, तर एका दुकानात कार्ड होतं, पण एकटं विकायला तयार नव्हते. सोबत मॉनिटर आणि एसएमपीएस घ्या म्हणाले.

११. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. एआय शिकायला लाखाचं कार्ड लागतं म्हणतो. खरं आहे का?

काका, शिकायला लागत नाही. गूगल कोलॅबवर १६ जीबीचं टी४ कार्ड ठरावीक वेळ फुकट वापरता येतं, कॅगलवरही तशी सोय आहे. पहिलं वर्ष त्यावर आरामात जातं. घरच्या घरी मॉडेल चालवण्याइतपत तो पुढे गेला, तर मग कार्डाच्या वेगापेक्षा व्हीरॅम महत्त्वाची आणि एनव्हिडियाचं असलेलं बरं, कारण बहुतेक साधनं आधी एनव्हिडियाच्याच कूडा या प्रणालीवर तयार होतात. तोवर थांबा. तुम्हाला थांबा असं सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

आणि तो त्यावर खेळणारही आहे. हे दोघांनी एकमेकांसमोर मान्य करून बजेट ठरवलंत तर ते लाखावरून पुष्कळ खाली येईल.

१२. एडिटिंग आणि ब्लेंडरसाठी एएमडी चालेल का?

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी एनव्हिडिया घ्या, रेंडरमध्ये (अंतिम चित्र तयार करण्यात) फरक ठळक असतो. व्हिडिओ एडिटिंगला एएमडीवर काम होतं. ग्राहकाचं काम घेत असाल तर तुमचा थांबण्याचा हिशेब वेगळा: रेंडरमध्ये रोज वाचणारा एक तास तुमच्या दराने मोजा, दोन-तीन महिन्यांत कार्ड फिटत असेल तर हे पान बंद करून दुकान गाठा.

१३. डीएलएसएस ४ साठी ५० मालिकाच हवी का?

डीएलएसएस म्हणजे एआयने खेळाचं चित्र सुधारून एफपीएस वाढवणारी एनव्हिडियाची सोय. तिच्यातलं मल्टी फ्रेम जनरेशन (मधली जादा चित्रं तयार करणं) हवं असेल तरच. चित्राचा दर्जा सुधारणारा भाग २० मालिकेपासूनच्या सगळ्या आरटीएक्स कार्डांवर चालतो. ३०६० वाल्यांनी आधी ते लावून पाहावं, कदाचित वर्षभर खरेदी टळेल. एएमडीकडे उलटं आहे: त्यांची तशीच सोय एफएसआर ४ अधिकृतपणे आरएक्स ९००० मालिकेसाठीच आलं.

१४. बहीण अमेरिकेतून येतेय. तिच्याकडून मागवू का?

किमतीत तिथला राज्याचा विक्रीकर धरा, ड्यूटी-फ्री मर्यादेच्या वर गेलात तर कस्टम्स धरा, मग फरक काढा. मधल्या फळीच्या कार्डात तो फारसा उरत नाही. मोठी अडचण वॉरंटीची: बऱ्याच कंपन्या ती विकलेल्या देशातच देतात, आणि बिघडलेलं कार्ड घेऊन बहीण परत जाणार का? ११० व्होल्टची भीती मात्र नको. कार्ड एसएमपीएसकडून १२ व्होल्ट घेतं, भिंतीतल्या विजेशी त्याला देणंघेणं नाही.

१५. वीजबिल वाढेल का?

२५० वॉटचं कार्ड पूर्ण ताणावर रोज तीन तास, महिनाभर: साडेबावीस युनिट. ७५ वॉटचा जुना पंखा रोज दहा तास चालवला तरी तेवढीच. महावितरणच्या तीनशे युनिटांच्या काठावर असाल तर वरच्या टप्प्याचा दर लागेल, एवढंच बघा.

१६. कार्ड घेतलं आणि दहा दिवसांत भाव उतरला. परत करता येईल?

भाव उतरला म्हणून आपल्याकडे कोणी परत घेत नाही. ऑनलाइन बहुधा बदलून देतात, तेही माल खराब निघाला तर. म्हणून खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, सिरियल नंबर त्यात दिसू द्या. खराब माल बदलून देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

१७. कार्ड आज अचानक गेलं, वॉरंटी संपलीये, आणि चांगलं घ्यायचे पैसे चार महिन्यांनी येणार. काय करू?

आधी ते खरंच गेलंय का बघा. कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसा, पॉवरची केबल बदला, मित्राच्या पीसीत लावून पाहा. पावसाळ्यात कोकणातून आलेली "गेलेली" कार्डं मी नुसती साफ करून चालू केली आहेत. खरंच गेलं असेल तर पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला चिपपातळीवर दुरुस्ती करणारे आहेत. नुसतं बघून निदान सांगायचे किती घेणार, ते आधी ठरवा. ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ पाहून घरातला ओटीजी वापरू नका, त्यात पुन्हा नानकटाई करायची असते.

चार महिन्यांसाठी घाईने अर्धवट कार्ड घेऊन ठेवू नका. प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा आणि दिवस काढा. "एफ" वाला असेल आणि पुण्यात असाल तर मला सांगा. ते जीटी ७१० मित्राने कधी परत मागितलं नाही. तेव्हापासून ते सहा घरांत राहून आलंय आणि सध्या कपाटात रिकामं आहे.